बिटला पाणी आहे का?

स्वस्तातल्या स्क्रू ड्रायव्हर बिट (होल्डरमध्ये अडकवायची सुटी टोकं) सेटबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एका पत्रातली अडचण पुष्कळदा दुसऱ्या पत्राच्या उत्तरात सुटते, म्हणून सगळी उत्तरं वाचावीत.

प्रश्न : तीनशे ऐंशी रुपयांना ३२ नगांचा सेट घेतला. प्रत्येक बिटवर ‘सीआर-व्ही’ असा शिक्का आहे. पडद्याचे ब्रॅकेट बसवताना दहा-बारा स्क्रूंतच फुलीचा बिट गुळगुळीत झाला. शिक्का खोटा होता का? आणि दुकानात उभं राहून चांगला सेट ओळखायचा कसा? (कोथरूड)

शिक्का खरा असूनही बिट वाईट निघू शकतो. सीआर-व्ही म्हणजे क्रोम-व्हॅनेडियम पोलाद. त्यात क्रोमियम साधारण १ टक्का आणि व्हॅनेडियम ०.१५ टक्क्याच्या आसपास असतं. पण पोलाद चांगलं असून भागत नाही, त्याला पाणी नीट द्यावं लागतं. लालबुंद तापवून तेलात विझवायचं आणि मग बेताच्या आचेवर पुन्हा तापवून ठिसूळपणा काढायचा, ही दोन्ही कामं नेमकी व्हावी लागतात. स्वस्त सेटमध्ये खर्च वाचवला जातो तो बहुधा इथेच. शिक्का पोलादाची जात सांगतो, पाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

आधी नेमकं काय खराब झालं ते बघा. बिटच्या पाकळ्यांच्या, म्हणजे फुलीच्या चार हातांच्या, कडा गोल झाल्या आणि स्क्रूची खाच शाबूत राहिली, तर बिट मऊ आहे. पाकळ्या धड आणि खाच उखडलेली, तर माप चुकलं किंवा दाब कमी पडला. दोन्ही गेले असतील तर बहुतेक वेळा २ नंबरच्या खाचेत १ नंबरचा बिट घातलेला असतो. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार दिसतो.

दुकानात जाताना चार वस्तू खिशात ठेवा : जिप्सम बोर्डचा काळा स्क्रू, टी-२५ (सहा टोकांच्या टॉर्क्स) खाचेचा एक स्क्रू, ५ मिलिमीटर ॲलन कीचा (षटकोनी खाचेचा) बोल्ट आणि जमलं तर बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर. काळा स्क्रू मुद्दाम, कारण त्याचं डोकं कडक असतं आणि फुलीची खाच सहसा स्वच्छ पाडलेली असते. हलक्या स्क्रूची खाच मुळातच उथळ आणि वाकडी असते. त्यावर बिटची परीक्षा होत नाही.

फुलीचा २ नंबरचा बिट, म्हणजे पीएच-२, हातात घ्या. होल्डरला न लावता नुसता बिट स्क्रूत दाबून बसवा आणि स्क्रू हलवून बघा. चांगला बिट तळापर्यंत जातो आणि स्क्रू जवळजवळ डुलत नाही. डुलत असेल तर पाकळ्या बारीक आहेत किंवा टोक लांब राहिल्यामुळे तळाला आधीच टेकतंय. मग टोकाकडून बघा. चारही पाकळ्या सारख्या जाडीच्या हव्यात, फुली मधोमध हवी, कडांना पातळ कूस किंवा बुडबुड्यासारखे खड्डे नकोत. पाकळ्यांवर कोटिंगचा जाड थर चढून कोपरे बुजलेले दिसले तर तो सेट खाली ठेवा.

आता बिट होल्डरमध्ये घालून होल्डर बोटांत फिरवा. टोक एका जागी राहायला हवं. ते गोल गोल भोवंडत असेल तर ड्रिलवर लावल्यावर प्रत्येक स्क्रूतून निसटेल. दोष बिटचा की होल्डरचा हे कळायला तोच बिट दुसऱ्या होल्डरमध्ये घालून पाहा. स्वस्त सेटमधला सगळ्यांत कच्चा भाग बऱ्याचदा होल्डरच असतो. बिट आत बसवून डावी-उजवीकडे पिळा. थोडा खेळ चालतो, कोपरे घसरल्यासारखे वाटले तर नाही.

व्हर्नियर असेल तर तीन मापं पुरतात. दांड्याच्या, म्हणजे होल्डरमध्ये जाणाऱ्या षटकोनी भागाच्या, समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर असतं, ६.२५ च्या खाली गेलेला दांडा आम्ही नाकारतो. ५ मिलिमीटरचा ॲलन बिट ४.९५ ते ५.०० मध्ये यायला हवा. ४.८५ आला तर घट्ट बोल्टची खाच तो गोल करणारच. टी-२५ चं माप समोरासमोरच्या टोकांवर साधारण ४.४ येतं. ‘टी-२५’ लिहिलेला बिट स्क्रूत खुळखुळला तर तो कमी मापाचा आहे, भले अंक कोरलेला असो.

घरी आणल्यावर त्याच दिवशी दोन परीक्षा घ्या, म्हणजे परत करायची मुदत हातात राहते. सेटमधला तुम्हाला कधीच न लागणारा बिट निवडा आणि नव्या, बारीक दातांच्या कानशीने त्याच्या दांड्याच्या कोपऱ्यावर हलके चार-पाच हात मारा. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी चढलेलं आहे. ती चावून चकचकीत चर पाडत असेल आणि चुरा पडत असेल तर पोलाद मऊ आहे. पहिला एखादा हात चावला आणि नंतर घसरला तर घाबरू नका. उघड्या भट्टीत तापवलेल्या पोलादाच्या वरच्या थरातला कार्बन जळतो आणि तेवढा पापुद्रा मऊ राहतो. दांड्यावर तो चालतो, पण पाकळ्या मुळातच बारीक असल्याने तिथे हाच पापुद्रा आधी झिजतो. म्हणून दुसरी परीक्षा : सागाच्या तुकड्यात किंवा १८ मिलिमीटर प्लायमध्ये आधी भोक न पाडता पीएच-२ ने वीस काळे स्क्रू बसवा. नंतर मोबाइलच्या कॅमेऱ्याने टोक मोठं करून बघा. कोटिंग जाऊन कडा उजळल्या तर ठीक. कडा दुमडल्या किंवा गोल झाल्या तर सेट परत.

प्रश्न : आमच्या शॉपमध्ये इम्पॅक्ट ड्रायव्हरवर बिट टिकत नाहीत, कडकन तुटतात. ‘एस-२’ घ्यावा की सीआर-व्ही? कडकपणा किती असावा? (भोसरी)

तुटलेले तुकडे फेकू नका, त्यांची तुटलेली बाजू उजेडात बघा. कण बारीक, राखाडी, मखमलीसारखे असतील आणि तुटण्याआधी बिटला थोडा पीळ पडलेला दिसत असेल, तर बिटने आपलं काम केलं. त्याच्यावर ताकदच जास्त पडली. कण जाड आणि साखरेसारखे चमकणारे असतील तर पोलाद भट्टीत जास्त तापलं होतं. पीळ अजिबात नाही, काचेसारखा सरळ तुकडा पडला, तर विझवल्यानंतरची दुसरी आच कमी दिली आहे किंवा दिलीच नाही. पिळून जिलबी झालेला, पण न तुटलेला बिट मऊ समजावा.

तुमच्या भागात क्रोम-व्हॅनेडियम सगळ्यांना ईएन-४७ या नावाने माहीत आहे. पाटे आणि स्प्रिंग ज्या पोलादाचे होतात त्याच घराण्यातलं. एस-२ हे धक्का सोसण्यासाठी बनवलेलं टूल स्टील. त्यात सिलिकॉन १ टक्क्याच्या आसपास, शिवाय मॉलिब्डेनम. त्यामुळे ५८ ते ६२ रॉकवेल सी (कडकपणा मोजायचं परिमाण) इतकं कडक करूनही त्यात चिवटपणा उरतो. सीआर-व्ही बिट साधारण ५२ ते ५८ मध्ये ठेवतात, कारण त्यापुढे तो ठिसूळ व्हायला लागतो. तेव्हा पॉवर टूलसाठी एस-२ घ्या. पण ‘६२’ हा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला सेट इम्पॅक्टसाठी शोधू नका. इम्पॅक्ट ड्रायव्हर फिरण्याच्या दिशेने सेकंदाला कित्येक ठोके मारतो. प्रत्येक ठोका लवचिकपणे पिळून परत येणारा बिट तिथे टिकतो. म्हणून इम्पॅक्टच्या बिटचा मधला भाग मुद्दाम बारीक केलेला असतो. कमरेत बारीक नसलेला २५ मिलिमीटरचा आखूड बिट तिथे लावणं हेच बऱ्याच तुटण्यांचं कारण असतं. दांड्यावर गोल खाच असलेला ५० मिलिमीटरचा बिट थेट चकमध्ये अडकतो, मधला होल्डर वाचतो आणि डुलणंही कमी होतं.

भोसरीत असल्याचा फायदा घ्या. हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये रॉकवेल टेस्टर असतो. मोठी ऑर्डर देण्याआधी त्या लॉटमधले तीन बिट नेऊन दांड्याच्या सपाट बाजूवर ठसा घ्या, कोपऱ्यावर नको. तिघांचे आकडे एकमेकांच्या दोन अंकांत हवेत. एक ५१ आणि दुसरा ६० आला तर सरासरी कितीही सुंदर दिसो, लॉट घेऊ नका.

आणि एक : झिजलेलं टोक ग्राइंडरवर निळं होईपर्यंत घासून ‘नवं’ करू नका. निळा रंग म्हणजे ३०० अंश सेल्सियसच्या आसपास. तेवढ्यात टोकाचं पाणी उतरतं.

प्रश्न : मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांचे स्क्रू नव्याकोऱ्या महागड्या बिटनेही घसरतात. स्क्रू खराब आहेत का? (बाणेर)

स्क्रूही चांगला, बिटही चांगला, जोडी चुकली आहे. स्क्रूच्या डोक्याकडे नीट बघा. फुलीच्या चार हातांच्या मधे, तिरक्या दिशेने चार बारीक रेघा दिसतील. ही पोझिड्राइव्ह खाच, तिला पीझेड-२ बिट लागतो. साध्या फिलिप्सच्या पाकळ्या टोकाकडे निमुळत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की बिट वर उचलला जातो. पोझिड्राइव्हच्या पाकळ्यांच्या बाजू जवळजवळ समांतर असतात आणि मधल्या कोपऱ्यांत चार छोट्या कडा असतात. त्या खाचेत रुतून बसतात. पीएच-२ त्यात जातो, पण तळापर्यंत भरत नाही. उलट पीझेड-२ साध्या फुलीत पूर्ण उतरतच नाही. युरोपीय पद्धतीच्या बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल आणि बऱ्याच एमसीबींचे (वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचचे) टर्मिनल, या सगळ्यांना पीझेड लागतो.

इथे दुकानातल्या बोलीचाही घोळ होतो. काउंटरवर फुलीला ‘स्टार’ म्हणतात आणि सहा टोकांच्या टॉर्क्सलाही ‘स्टार’च म्हणतात. पीझेड मागितला तर ‘एकच आहे हो’ म्हणून पीएच हातात ठेवला जातो. शब्दाऐवजी स्क्रू पुढे करा आणि बिटवर कोरलेली अक्षरं वाचा.

प्रश्न : जुन्या जपानी बनावटीच्या मोटरसायकलच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाचे दोन स्क्रू निघत नाहीत. पीएच-२ घसरतोय. (हडपसर)

त्या डोक्यावर एक बारीक ठिपका दिसतो का? तो असेल तर खाच जपानी मानकाची, म्हणजे जेआयएस, आहे. फिलिप्स बिटचं टोक तिच्या तळाला आधी टेकतं आणि बाजू भरत नाहीत. जेआयएस २ नंबरचा बिट मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर जुन्या पीएच-२ चं टोक कानशीने किंवा ऑइलस्टोनवर अर्धा मिलिमीटर सपाट करा, आणि मधूनमधून पाण्यात बुडवत राहा म्हणजे तापणार नाही. तो तळापर्यंत उतरतो का ते बघा.

खाचेतली माती टाचणीने काढा. बिट उभा धरून हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या, म्हणजे धरलेला गंज सुटतो. मग फिरवण्याच्या जोरापेक्षा जास्त जोर दाबण्यात घाला. टाकी ॲल्युमिनियमची आणि हँडलवर टांगलेली असते, तिथे घणाघाती ठोके मारू नका. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात व्हॉल्व्ह घासायची पेस्ट मिळते; तिचा मोहरीएवढा थेंब खाचेत लावला तर पकड वाढते. पण झाकण उघडायच्या आधी ती पेस्ट पूर्ण पुसा, ती ब्रेक ऑइलमध्ये जाता कामा नये. ब्रेक ऑइलने रंग जातो, म्हणून टाकीखाली ओलं फडकं ठेवा. स्क्रू निघाले की परत तेच लावू नका.

प्रश्न : सोनेरी कोटिंगचे बिट खरंच जास्त टिकतात? चुंबक जोरदार म्हणजे बिट चांगला, असं दुकानदार सांगतात. (सदाशिव पेठ)

टायटॅनियम नायट्राइडचा खरा सोनेरी थर अतिशय कडक असतो, पण तो केवळ काही मायक्रॉन जाडीचा. खालचं पोलाद मऊ असेल तर दाबाखाली ते दबतं आणि थर तडकून जातो. शिवाय नुसता सोनेरी मुलामाही तसाच दिसतो. रंगासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

चुंबकाचा पोलादाच्या प्रतीशी संबंध नाही. बिट चिकटतो तो होल्डरमधल्या चुंबकाच्या तुकड्यामुळे. कुठल्याही पोलादी बिटवर चुंबक एकाच दिशेने वीस वेळा घासला तरी तो लोखंडी स्क्रू उचलायला लागतो. पितळी स्क्रूला आणि बहुतेक स्टेनलेस स्क्रूंना त्याचा उपयोग नाही. उलट चुंबकी टोकाला लोखंडाचा चुरा चिकटतो आणि बिट खाचेत पूर्ण बसत नाही. चिकटपट्टीने टोक टिपून घ्या.

प्रश्न : लॅपटॉप उघडण्यासाठी मोठ्या सेटमधले छोटे बिट चालतील का? (विमाननगर)

नाही. तिथे ४ मिलिमीटर दांड्याचा वेगळा सेट लागतो. पीएच-०, पीएच-००, पीएच-००० आणि टी-५ एवढ्यात बहुतेक लॅपटॉप उघडतात. बारीक बिटमध्ये टोक किती टोकदार आहे त्यापेक्षा ते किती भरीव बसतं हे बघा. पीएच-० बसत असताना पीएच-०० वापरला की खाच गेलीच म्हणून समजा. स्क्रूवर निळा गोंद असेल तर हेअर ड्रायरची गरम हवा अर्धा मिनिट द्या, पण बॅटरीच्या बाजूला नको.

प्रश्न : पावसाळ्यात सेटवर गंज चढला आणि एक बिट होल्डरमध्येच अडकून बसला. (धायरी)

काळ्या बिटवरचा काळा थर गंजाला फार काळ अडवत नाही. डब्यातला स्पंज ओलावा धरतो, तो काढून टाका. जूनच्या सुरुवातीला शिलाई मशीनच्या तेलाचं बोट सगळ्या बिटवर फिरवा आणि वापरताना टोक पुसा. चढलेला गंज तारेच्या ब्रशने आणि तेलाने काढा. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायचा सल्ला ऐकू नका. पाणी दिलेलं कडक पोलाद आम्लात हायड्रोजन शोषून घेतं आणि नंतर अचानक तुटतं.

अडकलेल्या बिटवर तेल सोडून तासभर थांबा, मग पकडीने धरून डोलवत ओढा, फिरवू नका. निघाल्यावर दांडा निरखून बघा. कोपऱ्यांना पीळ पडला असेल तर तो मऊ आहे आणि पुन्हा अडकणार. तो टाकूनच द्या.

प्रश्न : मग सेट घ्यावाच का? पुण्यात सुटे बिट मिळतात का? (वारजे)

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत सुटे मिळतात आणि घरच्या वापरासाठी आमचा कौल सुट्या बिटच्या बाजूने आहे. ३२ नगांच्या सेटमध्ये बारा-तेरा प्रकारचे नगच हाताला लागतात. तेवढेच चांगले घ्या : पीएच-२ चार, पीएच-१ एक, पीझेड-२ दोन, चपटा ५.५ मिलिमीटरचा एक, टॉर्क्स टी-१०, १५, २०, २५, ३० आणि ॲलन ३, ४, ५, ६. पीएच-२ चार एवढ्यासाठी, की तोच सगळ्यांत आधी झिजतो. झिजलेला बिट काटकसरीपोटी वापरत राहिलं की प्रत्येक स्क्रूचं डोकं तो खातो. चपट्या बिटचं टोक बाजूने बघा. दोन्ही बाजू टोकापाशी समांतर हव्यात. पाचरीसारखा निमुळता असेल तर तो खाचेतून वर चढतो. सोबत एक बऱ्यापैकी होल्डर, त्यात पैसे वाचवू नका.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी वापरलेली हत्यारं येतात. तिथे वरच्याच कसोट्या लावा, कानस खिशात असू द्या आणि ती लावायच्या आधी विक्रेत्याला विचारा.

प्रश्न : स्विचबोर्डच्या कामाला हेच बिट आणि प्लास्टिकच्या मुठीचा होल्डर चालेल ना? (बिबवेवाडी)

मेन स्विच बंद करून, टेस्टरने तपासून, मगच. बिट, होल्डरची नळी आणि आतला चुंबक, सगळं उघडं धातूचं असतं. मूठ प्लास्टिकची असली तरी बोट नळीवर जातंच. चालू लाइनजवळच्या कामाला १००० व्होल्टची खूण असलेला, टोकापर्यंत आवरण चढवलेला अखंड स्क्रू ड्रायव्हर लागतो, आणि ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं. बंद बोर्डावर मात्र एक पथ्य पाळा : प्लेटचे आणि टर्मिनलचे स्क्रू हाताने आवळा, ड्रिलने नाही. पितळी टर्मिनलचे आटे मऊ असतात, एका झटक्यात जातात, आणि सैल राहिलेली वायर तिथेच तापते.